सावलीच्या परसातील फुलवेली : हनीसकल व मधुमालती

शेतीविषयक पत्रिकेत फुलवेलींना जागा द्यावी काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या विचारणांत परसबागेविषयीच्या प्रश्नांचे प्रमाण बरेच वाढले आहे. गावांची शहरे झाली, वाड्यांच्या जागी मजल्यांची घरे उभी राहिली आणि पूर्वी जेथे दिवसभर ऊन खेळत असे तेथे आता भिंतींची सावली पडते. अशा ठिकाणी काय लावावे, आणि लावलेले फुलत का नाही, असे हे प्रश्न असतात. सदर लेखात अशाच एका परसाची हकिकत सांगून सावलीच्या जागी हनीसकल व मधुमालती या दोन वेलींची लागवड कशी करावी याचे विवेचन केले आहे.

सावलीत वेल वाढविणे ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यांना मुळीच नवीन नाही. पानमळ्यातील नागवेल शेवरी आणि पांगारा यांच्या सावलीतच पोसली जाते. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी भागात पानपिंपळीचे पीकही सावली धरूनच घेतले जाते. सावली किती ठेवावी, ती केव्हा विरळ करावी आणि मुळाशी ओल कशी टिकवावी हे शास्त्र पानमळेवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. हेच शास्त्र घराच्या परसात लावावयाचे आहे. फरक इतकाच की, पानमळ्यात आपल्याला पाने हवी असतात, तर परसात फुले हवी असतात; आणि पानांना जी सावली मानवते ती फुलांना मानवतेच असे नाही. सर्व अडचणीचे मूळ येथे आहे.

गारखेड्यातील एक परस

गारखेडा हे एके काळी औरंगाबाद शहराच्या दक्षिणेस असलेले स्वतंत्र खेडे होते. पुढे शहर त्याच्यापर्यंत येऊन पोहोचले. आज गारखेडा परिसर हा छत्रपती संभाजीनगरचा (शहराचे नाव २०२३ साली बदलले) एक दाट वस्तीचा भाग असून विभागीय क्रीडा संकुल याच परिसरात आहे. येथील एक निवृत्त शिक्षक काही वर्षांपूर्वी जून महिन्यात मजकडे आले. त्यांच्या घराच्या मागे, म्हणजे उत्तरेस, सुमारे दहा फूट रुंदीची मोकळी पट्टी आहे. पट्टीच्या दक्षिणेला घराची दुमजली भिंत, उत्तरेला कमरेपेक्षा थोडे उंच आवार, पूर्वेला शेजाऱ्यांची भिंत आणि पश्चिमेच्या टोकास एक मोठा लिंब. हा लिंब गुरुजींच्या वडिलांनी १९७२ च्या दुष्काळानंतर लावलेला होता.

घराच्या भिंतीलगत हनीसकलची एक वेल होती. गुरुजींच्या कन्येने ती लग्नाआधी लावली आणि ती सासरी गेली. तीन वर्षे झाली, वेल भिंतीवर चढली, पण तिला एकही फूल आले नव्हते. गुरुजींच्या पत्नी रोज सकाळी वेलीकडे पाहत आणि म्हणत, "लेकीनं लावलेली वेल, आणि वांझ निघावी!"

मी त्या दिवशी परस न पाहताच सल्ला दिला, हे येथे स्पष्टपणे नमूद करणे मला आवश्यक वाटते. वेल फुलत नाही म्हणजे तिची उपासमार होत असली पाहिजे, असे समजून मी दोन घमेली शेणखत आणि थोडा युरिया देण्यास सांगितले. गुरुजींनी तो सल्ला तंतोतंत पाळला. पावसाळ्यात वेल हिरवीगार झाली, फांद्या हातभर लांब वाढल्या आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला. फूल मात्र आले नाही. नत्राने पाने वाढतात, फुले वाढत नाहीत. ज्या वेलीला प्रकाश कमी पडतो तिला नत्र अधिक दिले तर ती अधिकच पानाळते, हे कृषी पदवीच्या पहिल्या वर्षात शिकलेले तत्त्व मी त्या वेळी विसरलो होतो.

डिसेंबरात गुरुजी पुन्हा आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. घरात असे ठरत आले होते की, दोष लिंबाचा आहे, त्याच्या सावलीमुळे वेल फुलत नाही, तेव्हा लिंब तोडावा. कन्या पुढच्या वर्षी बाळंतपणाला माहेरी येणार होती व तोपर्यंत वेल फुलावी अशी तिच्या आईची इच्छा होती. गुरुजी म्हणाले, "साहेब, झाड बापानं लावलेलं, वेल लेकीनं. दोहोंतलं एक ठेवायचं म्हणतात. तुम्ही एकदा येऊन पाहा." या वेळी मात्र मी टेप घेऊन गेलो.

सावली मोजावी, मग बोलावे

सावलीच्या बागेत प्रथम करावयाचे काम खोदण्याचे नसून मोजण्याचे आहे. छत्रपती संभाजीनगर सुमारे २० उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेस बराच कललेला असतो. त्याची उंची क्षितिजापासून सुमारे ४७ अंश असते. अशा वेळी २० फूट उंच भिंतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ १९ फूट पडते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवस-रात्र समान असताना, हीच सावली सुमारे ७ फूट उरते. मे महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि भिंतीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या २३ तारखेच्या सुमारापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेस असतो. म्हणजे घराच्या उत्तरेचा जो कोपरा हिवाळ्यात दिवसभर अंधारलेला असतो तोच भर उन्हाळ्यात उन्हात तापतो.

आता गुरुजींच्या परसाकडे वळू. मैदानी प्रदेशात हनीसकलचा मुख्य बहर वसंतात, म्हणजे साधारणपणे फाल्गुन-चैत्राच्या सुमारास येतो. वेल घराच्या भिंतीलगत होती. मार्चमध्ये भिंतीची सावली ७ फूट पडत होती आणि वेल तिच्या पोटात उभी होती. याउलट लिंब पश्चिमेच्या टोकास होता. त्याची सावली परसात पडे ती दुपार टळल्यावर, आणि तीही बहराच्या ऐन काळात विरळ. कारण लिंब माघ-फाल्गुनात पानगळ करतो आणि चैत्रात नवी पालवी धरतो. कळ्या धरण्याच्या वेळी लिंब जवळजवळ उघडाच असे. पुढे एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा पश्चिमेचे ऊन पाने करपविते, तेव्हा तो दाट सावली धरीत असे. तात्पर्य, लिंब निर्दोष होता; दोष होता तो भिंतीचा आणि तिला लगटून वेल चढविण्याचा. जे नजरेला मोठे दिसते त्यालाच आपण जबाबदार धरतो. गुरुजींच्या घरी हेच घडले होते.

नागरी भागात झाड तोडण्यास १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमान्वये वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. परंतु परवानगी मिळाली असती तरी त्या झाडाच्या तोडण्याने एकही फूल अधिक आले नसते, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

उपाय काय केला

जमिनीवर सावली ७ फूट असली तरी ती उंचीप्रमाणे आखूड होत जाते. २० फूट भिंतीपुढे ८ फूट उंचीवर मांडव घातला तर त्या पातळीवर भिंत केवळ १२ फूट उंच ठरते आणि मार्चमधील दुपारची सावली सुमारे सव्वाचार फुटांवर संपते. त्यापलीकडचा सुमारे पावणेसहा फूट मांडव उन्हात राहतो. म्हणून भिंतीपासून आवारापर्यंत ८ फूट उंचीवर लोखंडी पाइपांच्या आधाराने पाच गॅल्व्हनाइज्ड तारा ताणल्या. वेल भिंतीवरून अलगद सोडवून, गुंतलेल्या व वाळलेल्या फांद्या काढून, चार जोमदार फांद्या या तारांवर आवाराच्या दिशेने वळविल्या. मुळे होती तेथेच, भिंतीच्या थंड सावलीत ठेवली. युरिया बंद केला. लिंबाच्या फक्त तारांवर लोंबणाऱ्या दोन बारीक फांद्या काढल्या.

हनीसकलविषयी एक सूत्र सर्वांनी पाठ करावे : पाय सावलीत, डोके उन्हात. ही वेल मूळची जपान, चीन व कोरिया या प्रदेशांतील असून झाडीच्या कडेला वाढणारी आहे. तिची मुळे पालापाचोळ्याखालील ओलसर जमिनीत असतात आणि शेंडे झुडपांवर चढून प्रकाश गाठतात. घरमालकाने नकळत पाय सावलीत ठेवले होते, पण डोकेही सावलीतच कोंडले होते.

त्या वर्षी वसंतात वेल फुलली नाही. नव्या जागी तिने फांद्याच वाढविल्या. गुरुजींच्या घरी पुन्हा लिंबाचा विषय निघाला, तो त्यांनी धीराने थोपवून धरला. दुसऱ्या वर्षी फाल्गुनाच्या अखेरीस आवाराकडील तारांवर पानांच्या बेचक्यांतून जोडीजोडीने कळ्या दिसू लागल्या. गुढीपाडव्याच्या सुमारास मी तेथे गेलो तेव्हा संध्याकाळच्या वेळी सारे परस सुगंधाने भरले होते. भिंतीलगतच्या चार फुटांत मात्र एकही फूल नव्हते. सावलीची रेघ जणू कोणी आखून दाखविली होती. कन्या आपल्या तान्ह्या बाळासह ओटीवर बसली होती आणि लिंब नव्या पालवीत होता.

हनीसकल आणि मधुमालती : नावांचा घोटाळा

रोपवाटिकेत हनीसकल मागितली असता पुष्कळदा मधुमालती हाती येते. तिला काही ठिकाणी चिनी हनीसकल असेही म्हणतात. या दोन वेली एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत. हनीसकलच्या वंशास लोनिसेरा असे शास्त्रीय नाव आहे. हे नाव सोळाव्या शतकातील जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अॅडम लोनिट्झर याच्या स्मरणार्थ दिलेले आहे. मधुमालती ही कॉम्ब्रेटेसी कुळातील, म्हणजे आपल्या हिरडा, बेहडा व अर्जुन यांच्या कुळातील वेल होय. तिचे जुने शास्त्रीय नाव क्विस्क्वालिस असे होते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'कोण? कसली?' असा होतो. तिच्याविषयी आजही ग्राहकांना हाच प्रश्न पडतो.

पुढील खुणांवरून त्या ओळखाव्यात. हनीसकलचे फूल उमलताना पांढरे असते आणि एकदोन दिवसांत पिवळे होते. फुले पानांच्या बेचक्यांत जोडीने येतात. फुलाचे दोन ओठ होतात, वरच्या ओठास चार व खालच्या ओठास एक पाकळी, आणि केसर बाहेर लांब डोकावतात. मधुमालतीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि पुढे लाल होते. त्यामुळे एकाच घोसात तीन रंग दिसतात. तिच्या पाच पाकळ्या सारख्या असून त्या लांब बारीक नळीच्या टोकाशी असतात. ही नळी लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी आहे. म्हणूनच फूल संध्याकाळी व पांढरे उमलते. तिच्या जुन्या फांद्यांवर पानांच्या देठांचे अवशेष काट्यांप्रमाणे राहतात, हीही एक चांगली खूण होय.

मधुमालती हे नाव काही लोक हळदवेलीलाही देतात. ही तिसरीच वेल असून सह्याद्रीच्या रानांत आपोआप उगवते. तिच्या झालरीदार पांढऱ्या पाकळ्यांपैकी एकीवर पिवळा डाग असतो व फळाला तीन पंख असतात. यास्तव रोप घेताना नावावर विसंबू नये. शक्य तर फुललेली मातृवेल पाहूनच रोप घ्यावे.

कोणत्या सावलीत कोणती वेल

सावलीचे तीन प्रकार मानणे सोयीचे होते.

पहिली विरळ सावली. झाडाच्या पानांतून दिवसभर कवडसे पडतात अशी जागा. येथे हनीसकल चांगली येते. जाई, जुई व कृष्णकमळ हीही बऱ्यापैकी फुलतात.

दुसरी अर्धी सावली. दिवसातून चार-पाच तास थेट ऊन आणि बाकी वेळ सावली. ऊन सकाळचे असेल तर हनीसकल लावावी. ऊन दुपारचे व तापट असेल तर मधुमालती लावावी. घराच्या उत्तरेची जी जागा हिवाळ्यात सावलीत व उन्हाळ्यात उन्हात असते, तिला मधुमालती विशेष अनुरूप आहे. कारण थंडीत ही वेल पाने गाळून विसावा घेते आणि उन्हाळा व पावसाळा यांत नव्या फुटीवर फुलते. जेव्हा तिला ऊन हवे असते तेव्हाच तेथे ऊन येते.

तिसरी दाट सावली. दोन उंच भिंतींमधील बोळ, जेथे वर्षाच्या कोणत्याही ऋतूत दोन तासही ऊन येत नाही. येथे फुलवेलीचा हट्ट धरू नये. नागवेल, शतावरी, मनीप्लांट यांसारख्या पानांच्या वेली लावाव्यात. नागवेलीचे पान घरात उपयोगी पडते आणि जागाही हिरवी राहते. जेथे ऊन नाही तेथे खतपाण्याने फूल आणता येत नाही, हे मनाशी पक्के करावे.

निश्चय करण्यापूर्वी डिसेंबर, मार्च व मे या तीन महिन्यांत एकेक दिवस सकाळी ९, दुपारी १२ व ३ वाजता सावलीची रेघ चुन्याने जमिनीवर आखावी. एका वर्षाची वाट पाहणे जमत नसल्यास निदान शेजारच्या भिंतीची उंची मोजून वरील हिशेब लावावा.

जमीन व खड्डा

मराठवाड्यातील जमीन काळ्या बेसाल्ट खडकापासून बनलेली असून बहुधा चुनखडीयुक्त व किंचित विम्लधर्मी असते. नव्या वसाहतींत भिंतीलगतच्या जमिनीत त्यात सिमेंट, चुना व विटांचा रोडा यांची भर पडलेली असते. अशा जागी वेलीची कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही.

म्हणून भिंतीपासून निदान दीड फूट अंतर सोडून दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यात खणावा. रोडा व चुन्याचे ढेप निवडून टाकून द्यावेत. तळाशी मुरूम घट्ट लागल्यास तो पहारीने फोडावा, नाही तर पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. खड्डा पंधरा दिवस तापू द्यावा व नंतर चांगली माती, दोन घमेली कुजलेले शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड व ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट यांच्या मिश्रणाने भरावा. हाडांचा चुरा विम्ल जमिनीत फारसा लागू पडत नाही, हे लक्षात ठेवावे. जमीन शंकास्पद वाटल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत माती तपासून घ्यावी.

पाने पिवळी पडल्यास एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट व थोडा लिंबाचा रस मिसळून सकाळी किंवा सायंकाळी फवारावे. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनतीन फवारण्या पुरतात.

रोपे व लागवड

दोन्ही वेलींची अभिवृद्धी फाटे कलमाने किंवा दाब कलमाने होते. जून ते ऑगस्ट या काळात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या अर्धपक्व फांदीचे १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे, तीनचार डोळ्यांचे फाटे घ्यावेत. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत आणि फाटे सावलीत, वाळू व माती यांच्या मिश्रणात लावावेत. हनीसकलची फांदी ओल्या जमिनीला टेकली तर पेऱ्यांवर आपोआप मुळे धरते. त्यामुळे दाब कलम हा घरगुती बागवानास सर्वांत सोपा मार्ग आहे. मधुमालतीच्या बुंध्याजवळ मुळांपासून निघणारे फुटवेही वेगळे करून लावता येतात.

लागवड पहिला दमदार पाऊस झाल्यावर करावी. छत्रपती संभाजीनगरचा पाऊस सरासरीने सुमारे ७०० मिलिमीटर असून तो मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जूनमध्ये लावलेल्या रोपाला मुळे धरण्यास पुरता काळ मिळतो. उन्हाळ्यात लावलेले रोप पाण्याच्या टंचाईत सापडते.

आधार वेलीच्या वजनानुसार द्यावा. हनीसकल स्वतः वेटोळे घालून चढते, म्हणून तिला सुतळी, तार किंवा बारीक काठी हवी; जाड खांबाला ती वेढा घालू शकत नाही. मधुमालती कालांतराने लाकडी खोडाची व जड होते. तिला लोखंडी पाइपाचा किंवा भक्कम मांडवाचाच आधार द्यावा. पन्हाळी व पाण्याचे नळ यांवर तिला चढू देऊ नये.

पाणी

शहरवासीयांची खरी चिंता पाण्याची आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने या नगरीत नहरींनी पाणी खेळविले. पुढे १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या जलाशयातून शहरास पाणी येऊ लागले. तथापि वस्ती वाढत गेली आणि अनेक वर्षे नळाचे पाणी कित्येक दिवसांआड मिळण्याचा अनुभव नागरिकांनी घेतला. पिण्याच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या घरात वेलीला बादलीभर पाणी ओतणे कोणालाही प्रशस्त वाटणार नाही. या कामी आपल्याकडील जुनी मडक्याची पद्धत उत्तम होय.

आठ-दहा लिटरचे कच्च्या भाजणीचे, रंग न दिलेले मडके बुंध्यापासून एक फूट अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे. ते भरून तोंडावर झाकण ठेवावे, म्हणजे डासही होत नाहीत. पाणी मडक्याच्या अंगातून हळूहळू झिरपते व मुळे त्याच्याभोवती गोळा होतात. उन्हाळ्यात मडके रिकामे होत आले की भरावे. याखेरीज बुंध्याभोवती चार बोटे जाड पालापाचोळा पसरावा. गुरुजींच्या परसात हा पाचोळा लिंबानेच पुरविला. डाळ-तांदूळ व भाजी धुतलेले पाणी वेलीस निर्धास्त द्यावे. साबण व धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र देऊ नये, कारण आधीच विम्ल असलेल्या जमिनीत ते आणखी बिघाड करते.

छाटणी व खत

हनीसकलची छाटणी वसंतातील बहर ओसरल्यावर, पहिल्या पावसानंतर करावी. वाळलेल्या व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढून फुललेल्या फांद्यांचे शेंडे एकतृतीयांश कमी करावेत. हिवाळ्यात जोराची छाटणी केल्यास येणाऱ्या बहराच्या फांद्याच निघून जातात. मधुमालतीची गोष्ट उलट आहे. ती नव्या फुटीवर फुलते, म्हणून पानगळ झाल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत तिची कडक छाटणी करावी.

खत वर्षातून एकदा जूनमध्ये, पाच किलो कुजलेले शेणखत एवढे पुरे. युरिया देऊ नये. पानाळलेल्या वेलीला खत थांबविणे हाच उपचार होय.

रोग, किडी व सावधगिरी

सावलीतील कोवळ्या फुटीवर मावा व पिठ्या ढेकूण पडतात. प्रथम पाण्याचा जोराचा फवारा मारावा व नंतर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. परसात लिंब असेल तर पावसाळ्याच्या आरंभी पडणाऱ्या निंबोळ्या गोळा करून सावलीत सुकवाव्यात. हवा कोंडलेल्या जागी, मुळे कोरडी पडल्यास पानांवर भुरी येते. त्यासाठी फांद्या विरळ कराव्यात व गरज पडल्यास पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात, हवा थंड असताना फवारावे. भर उन्हाळ्यात गंधकाने पाने करपतात.

हनीसकलला काळी लहान फळे धरतात. ती खाण्याची नव्हेत, हे घरातील मुलांना आवर्जून सांगावे. तसेच छाटलेल्या फांद्या नाल्याकाठी किंवा माळावर टाकू नयेत. या वेलीने अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत रानात शिरून तणाचे रूप घेतले आहे. आपल्या कोरड्या हवेत हा धोका कमी असला तरी सह्याद्रीच्या दमट भागातील वाचकांनी विशेष दक्षता घ्यावी. छाटणीचा माल कंपोस्टच्या खड्ड्यात पूर्ण सुकवून टाकावा.

समारोप

गुरुजींच्या परसाच्या पश्चिमेच्या टोकाकडे, लिंबाच्या सावलीबाहेर, आता एक मधुमालतीही लावलेली आहे. वसंतात हनीसकल, पावसाळ्यात मधुमालती आणि वर्षभर लिंब अशी तेथे वाटणी झाली आहे. या हकिकतीत मोठे तंत्र काही नाही. एक टेप, पाच तारा आणि दोन वर्षांचा धीर एवढ्यावर काम भागले.

शेवटी माझ्या सहकारी विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. शेतकरी किंवा नागरिक आपल्याकडे येऊन 'फुलत नाही' किंवा 'फळत नाही' म्हणेल तेव्हा खताचे नाव सांगण्याची घाई करू नये. प्रथम जागेवर जावे, ऊन कोठून येते ते पाहावे आणि मगच बोलावे. माझ्या एका घाईच्या सल्ल्याने एक वर्ष फुकट गेले, आणि चाळीस वर्षांहून अधिक वयाचा लिंब जाता जाता राहिला. वाचकांनी आपल्या परसातील उन्हासावलीची टिपणे करून ती जवळच्या कृषी अधिकाऱ्यांना दाखवावीत. तोडण्याआधी मोजावे, बहुतेक वेळा तोडण्याची गरज उरत नाही.